लेस्टरच्या काचखोलीचं ऊन

रेडिंग, सप्टेंबर

चि. सोनूस,


काल फोन ठेवता ठेवता तू विचारलंस, "आत्या, ही कॉन्झर्व्हेटरी पाडूनच टाकू का?" मी लगेच काही बोलले नाही. तुझ्या मागे पिल्लू रडत होतं आणि जावईबापूंना कुकरच्या शिट्ट्या मोजता येत नव्हत्या. म्हणून सवडीने लिहिते आहे. ऑगस्टच्या दुपारी त्या काचखोलीत पाय ठेववत नाही, जानेवारीत चहाचा कप नेला तर दोन घोटांत गार. परिणाम काय, तर घरातली सगळ्यात उजेडाची खोली म्हणजे रिकाम्या सुटकेसांचं आणि सायकलींचं गोदाम. यावर माझं म्हणणं असं की पाडू नकोस. छतावर पक्कं झाकण घालायची घाईही करू नकोस. आधी ब्लाइंड्स लाव. मात्र दुकानात पाऊल टाकण्याआधी हे पत्र वाच. तिथे तुला आधी कापडाचे रंग दाखवतील, आणि रंगांच्या नादात कुठल्या काचेतून किती वाजता ऊन आत येतं हे विचारायचंच राहून जाईल.

नागपूरच्या मुलीला उन्हाचं ज्ञान मी काय देणार! पण तुझ्या अंगवळणी पडलेलं ऊन वरून येणारं आहे. नागपुरात जूनमध्ये भर दुपारी सूर्य जवळजवळ डोक्यावर असतो आणि डिसेंबरातसुद्धा तो ४५ अंश वर चढतो. त्यामुळे खिडकीवर हात-दीड हात छज्जा काढला की बरंचसं काम भागतं. तुमच्या लेस्टरला २१ जूनच्या दुपारी सूर्य साधारण ६१ अंशांवर असतो आणि २१ डिसेंबरला जेमतेम १४ अंशांवर. चौदा अंश म्हणजे समोरच्या घराच्या धुराड्याला टेकल्यासारखाच. म्हणजे उन्हाळ्यात तुझ्या खोलीत उष्णता ओतली जाते ती मुख्यतः छतातून, आणि हिवाळ्यात जे काही चार तास ऊन मिळतं ते येतं बाजूच्या उभ्या काचांतून, थेट बैठकीच्या आतल्या भिंतीपर्यंत. शिवाय घड्याळं एक तास पुढे केलेली असल्याने तुमच्याकडे उन्हाळ्यात सूर्य माथ्यावर येतो तो बाराला नव्हे, एकच्या सुमारास. तुझी खोली नैर्ऋत्येला तोंड करून आहे. खरा तडाखा दुपारी दोननंतर सुरू होतो आणि जूनमध्ये रात्री साडेनऊपर्यंत ऊन मावळायचं नाव घेत नाही.

आता थोडं गणित. आयुष्यभर इमारतींच्या गरम-गार हवेचे हिशेब करून पोट भरलं, तेव्हा एवढं सहन कर. तुझं छत साडेतीन बाय चार मीटर, म्हणजे १४ चौरस मीटर. जूनमध्ये आभाळ निरभ्र असलं की दुपारी दर चौरस मीटरवर ८०० वॉटच्या आसपास ऊन पडतं. दुधी पॉलिकार्बोनेटमधून त्यातलं निम्मंच आत आलं असं धरलं तरी साडेपाच किलोवॅट होतात. हिवाळ्यात तू पायाशी ठेवतेस तो फॅन हीटर दोन किलोवॅटचा आहे. तसे जवळजवळ तीन हीटर जूनच्या दुपारी छतातून चालू असतात, आणि आपण म्हणतो खोलीचं बांधकाम वाईट!

बरं, आत आलेली उष्णता बाहेर का जात नाही? शाळेत आपल्याला शिकवलं की ऊन काचेतून आत येतं, पण तापलेल्या वस्तूंतून निघणाऱ्या लांब लहरी काचेतून बाहेर पडू शकत नाहीत. हे खोटं नाही, पण अपुरं आहे. आर. डब्ल्यू. वुड नावाच्या अमेरिकन भौतिकशास्त्रज्ञाने १९०९ मध्ये दोन पेट्या केल्या. एकीवर काच बसवली, दुसरीवर सैंधवाची पातळ चकती. सैंधवातून त्या लांब लहरी आरपार जातात. तरीही दोन्ही पेट्या जवळपास सारख्याच तापल्या. म्हणजे काचघर तापतं त्याचं मोठं कारण आतली तापलेली हवा कोंडली जाते हे आहे. तू छताची झडप गंज लागल्यापासून उघडलेलीच नाहीस असं बोलता बोलता सांगून गेलीस ना? ब्लाइंड्सच्या आधी ती झडप दुरुस्त करून घे. खालच्या दोन खिडक्या आणि वरची झडप एकदम उघडी असली की गरम हवा आपोआप वर निघून जाते आणि खालून ताजी आत येते. याला वीज लागत नाही, रिमोट लागत नाही, आणि म्हणूनच बहुधा कुणी विक्रेता ते सांगत नाही.

आणि मुळात ही खोली माणसांसाठी जन्माला आलीच नव्हती. युरोपातल्या श्रीमंतांना संत्र्या-लिंबांची झाडं थंडीतून जगवायची होती, त्यातून ही काचघरं आली. झाडाला दुपारी उकडलं तर ते तक्रार करत नाही. पुढे इंग्लंडमध्ये काचेवरचा कर १८४५ मध्ये उठला, काच स्वस्त झाली आणि मोठमोठी काचघरं उभी राहिली. ती बांधणारी माणसं मात्र उन्हाला पुरती ओळखून होती. लंडनच्या क्यू बागेतलं पाम हाउस १८४४ ते १८४८ या काळात बांधलं, तेव्हा पानं करपू नयेत म्हणून मुद्दाम हिरवट छटेची काच बसवली होती. त्याहून रंजक गोष्ट जोसेफ पॅक्स्टनची. हा माणूस चॅट्सवर्थ हवेलीच्या बागेचा माळी. १८५१ मध्ये हाइड पार्कात जे जगप्रसिद्ध क्रिस्टल पॅलेस उभं राहिलं, ते त्याच्या डोक्यातून निघालेलं. एवढ्या अवाढव्य काचमहालात मे ते ऑक्टोबर लाखो माणसं फिरणार, त्यांना भाजून कसं चालेल? पॅक्स्टनने छताच्या कण्यांवरून बाहेरच्या बाजूने कॅनव्हासचं कापड ताणलं. त्यामुळे ऊन काचेवर पोचण्याआधीच अडायचं आणि त्या कापडावर पाणी मारायचीही सोय होती. भिंतींत उघडमीट करणाऱ्या झडपा होत्या आणि जमिनीच्या फळ्यांमध्ये बोटभर फटी होत्या, खालून हवा यायला.

कापड बाहेर, त्यावर पाणी. तुझ्या आजीच्या धंतोलीच्या घरातल्या वाळ्याच्या ताट्या आठवल्या ना? दुपारी बादलीने पाणी मारायचं काम आम्हा भावंडांचं होतं आणि त्यावरून मारामाऱ्या व्हायच्या. ताटी दाराच्या बाहेरच का टांगायची हे कुणी समजावून दिलं नव्हतं, पण बरोबर तेच होतं. जी उष्णता घराबाहेर अडली ती आत आलीच नाही. आतल्या पडद्याने अडवलेली उष्णता मात्र काच ओलांडून आलेली असते. पडदा तापतो, पडद्यामागची हवा तापते आणि त्यातली बरीचशी खोलीतच राहते. म्हणून शक्य असेल तिथे बाहेरचा आडोसा केव्हाही सरस. जर्मनी-फ्रान्सकडे घरांना बाहेरून सरकपडदे असतात, कारण त्यांच्या खिडक्या आत उघडतात. इंग्लंडच्या खिडक्या बाहेर उघडतात, त्यामुळे बाहेरचा पडदा लावायचा तर खिडकीच आडवी येते. तुझ्या नैर्ऋत्येच्या काचांसमोर खांबांना ताणून एक तिरपं शेड कापड लावता येईल, मे ते सप्टेंबर, नंतर काढून ठेवायचं. द्राक्षाचा वेल चढवलास तर आणखी छान. उन्हाळ्यात पानांची सावली, हिवाळ्यात पानं गळून ऊन मोकळं. पण वेलाला काही वर्षं लागतील आणि तुझ्या सासूबाई ऑक्टोबरात येत आहेत.

तेव्हा आतल्या ब्लाइंड्सच म्हणायच्या. त्यात पैसे मर्यादित असतील तर ते आधी छतावर घाल. दिसायला बाजूच्या ब्लाइंड्स छान दिसतात, विक्रेताही तिथूनच सुरुवात करतो, आणि लोक बाजू झाकून छत उघडं ठेवतात. जून महिन्यात हे म्हणजे छत्री मिटून रेनकोट घालण्यासारखं आहे. छतासाठी घड्यांच्या, म्हणजे प्लीटेड ब्लाइंड्स मिळतात. त्या तारांवर ताणलेल्या असतात, त्यामुळे उतरत्या छतावर लोंबकळत नाहीत. त्यांच्या छताकडच्या बाजूला अ‍ॅल्युमिनियमचा चकचकीत लेप असलेलंच कापड घे. आत आलेलं ऊन शोषून न घेता उजेडाच्याच रूपात परतवलं तर ते छतातून परत बाहेर जाऊ शकतं. आतल्या पडद्याकडे एवढी एकच युक्ती आहे. त्यामुळे छताला गडद रंगाचं, लेप नसलेलं कापड कितीही सुंदर दिसलं तरी घेऊ नकोस. बारीक लाकडी काड्या विणून केलेल्या पिनोलियमच्या ब्लाइंड्सही तुला दाखवतील. त्यांचा उजेड जाळीतून झिरपल्यासारखा पडतो आणि मला स्वतःला त्या फार आवडतात, पण तुझ्या बजेटात आणि तुझ्या नैर्ऋत्येला चकचकीत पाठीचं कापड जास्त कामाचं.

दोन गोष्टी बसवणाऱ्याला बजावून सांग. कापड काचेला चिकटून नको, चार-पाच सेंटिमीटर जागा हवी. मध्ये हवा अजिबात हलली नाही तर काच एका भागात तापते, दुसऱ्या भागात गार राहते, आणि टफन न केलेली काच अशा ताणाने तडकू शकते. आणि झडपेच्या खालची ब्लाइंड वेगळी उघडता यायला हवी. नाहीतर वर झडप उघडी, खाली कापड घट्ट, आणि गरम हवा दोन्हींच्या मध्ये अडकून बसलेली, असा प्रकार होतो.

हे सगळं करूनही आतल्या ब्लाइंडकडून चमत्काराची अपेक्षा ठेवू नकोस. जून २०२२ पासून इंग्लंडमध्ये नव्या घरांना जास्त तापण्याविरुद्धचा नियम लागू झाला. त्याच्या मार्गदर्शक पुस्तिकेत स्पष्ट म्हटलं आहे की हिशेब करताना आतल्या ब्लाइंड्स आणि पडदे धरायचे नाहीत. उपयोग शून्य आहे म्हणून नव्हे, पुरेसा भरवशाचा नाही म्हणून. योगायोग असा की पुढच्याच महिन्यात, १९ जुलैला, तुमच्या शेजारच्या लिंकनशरमधल्या कोनिंग्सबीला ४०.३ अंश तापमान नोंदलं गेलं. या देशात नोंदलेलं ते आजवरचं सर्वाधिक. तशा दिवशी बाहेरची हवाच तापलेली असते, झडपा उघडूनही गारवा येणार कुठून? त्या दिवशी दार लावून सरळ घरात बसायचं. असे दिवस वर्षात मोजके. बाकीच्या उन्हाळ्यात चकचकीत पाठीचं छत, उघडी झडप आणि बाजूला जाळीचं कापड एवढ्यावर संध्याकाळचा चहा तिथे आरामात होईल.

बाजूंसाठी मी जाळीचं कापड म्हटलं, कारण त्यातून बाग दिसत राहते. इथे एक उलटी वाटणारी गोष्ट आहे. बाहेरचं नीट दिसायला हवं असेल तर गडद जाळी घ्यायची. पांढरी जाळी स्वतःच उजळते आणि नजर तिच्यावरच अडते. उभ्या पट्ट्यांच्या ब्लाइंड्स स्वस्त मिळतात, पण खिडकी उघडली की पट्ट्या एकमेकींवर आपटतात, खालची बारीक साखळी तुटते, आणि पिल्लू त्या पट्ट्यांची काय अवस्था करेल ते मला इथे बसून दिसतं आहे. यूपीव्हीसीच्या चौकटीत खटकन बसणाऱ्या, भोकं न पाडता लावता येणाऱ्या चौकटीच्या ब्लाइंड्स मिळतात. त्या काचेबरोबर उघडतात, काचेबरोबर मिटतात. तुझ्या दारांना त्याच योग्य.

आता हिवाळा. त्याच चॅट्सवर्थमध्ये पॅक्स्टनने १८३६ ते १८४० मध्ये एक प्रचंड काचघर बांधलं होतं. ते उन्हाने नाही मेलं, थंडीने मेलं. पहिल्या महायुद्धात बॉयलरना कोळसा मिळेना, आतली उष्ण कटिबंधातली झाडं गेली, आणि १९२० मध्ये काचघर पाडून टाकलं. आज त्या जागी झुडपांचा भूलभुलैया आहे. तुमच्यापासून गाडीने फार लांब नाही, पिल्लूला घेऊन जाऊन या एकदा.

हिवाळ्यात कापडाने काय साधतं याचे आकडे स्कॉटलंडच्या जुन्या इमारतींसाठी ग्लासगो कॅलिडोनियन विद्यापीठाने केलेल्या चाचण्यांत मिळतात. एकेरी काचेच्या खिडकीतून जाणारी उष्णता साध्या रोलर ब्लाइंडने २२ टक्क्यांनी कमी झाली, पोळ्यासारखे कप्पे असलेल्या ब्लाइंडने ३६ टक्क्यांनी, आणि खिडकीच्या जुन्या लाकडी दारांनी ५१ टक्क्यांनी. तुझी काच दुहेरी आहे, तिथे मुळातच कमी उष्णता जाते, त्यामुळे फायदाही कमी. पण क्रम तोच राहील. कप्प्यांमध्ये हवा कोंडलेली असते म्हणून ती ब्लाइंड जास्त राखते. आणि यात कापडाइतकंच महत्त्व कडांना आहे. ब्लाइंड आणि चौकट यांच्यात दोन बोटं फट राहिली की काचेजवळची गार हवा जड होऊन खालून खोलीत घसरते, वरून उबदार हवा मागे शिरते, आणि रात्रभर हे रहाटगाडगं चालू राहतं. पायाशी गारठा लागतो म्हणतेस तो याचाच. म्हणून कडेला खाच असलेल्या, चौकटीत बसणाऱ्या ब्लाइंड्स घ्यायच्या. छतालाही कप्प्यांच्याच, पण चकचकीत पाठीच्या मिळतात. परवडल्या तर उन्हाळा-हिवाळा दोन्ही त्यात भागतील.

घरातून काचखोलीत जाणारं मधलं दार आहे ना अजून? आधीच्या मालकांनी काढलं नसेल अशी आशा आहे. ३० चौरस मीटरच्या आतली कॉन्झर्व्हेटरी बांधकाम नियमांतून बरीचशी सुटते, ती याच अटीवर की घर आणि ती यांच्यात बाहेरच्या दर्जाची भिंत-दार असेल आणि तिचं हीटिंग वेगळं चालू-बंद करता येईल. नियम करणाऱ्यांना पक्कं ठाऊक होतं की ही खोली घराच्या बॉयलरवर सोडली तर ती सगळी ऊब पिऊन टाकेल. जानेवारीत रात्री आठ वाजता तिथे बसून मालिका बघायची असेल तर कुठलीही ब्लाइंड पुरी पडणार नाही. लोकर अंगावर आणि दार बंद. पण जानेवारीतच सकाळी अकराला ऊन पडलं की बाजूच्या सगळ्या ब्लाइंड्स वर कर. तासाभरात ती खोली फुकट तापेल आणि मधलं दार उघडलंस तर ती ऊब घरात येईल. तीनला ऊन कलायला लागलं की सगळं ओढून घे, छतासकट, अंधार पडायची वाट न बघता. हिवाळ्यात अर्धी कमाई या तीन वाजण्यात आहे. काचेला कायमची चिकटवायची काळसर फिल्म मी का सुचवत नाही ते यावरून कळेल. ती जुलैत ऊन अडवते तशीच जानेवारीतही अडवते.

म्हणूनच छताला मोटर घ्यावी असं मला वाटतं, एरवी मी चैनीच्या विरुद्ध असले तरी. लांब काठीला आकडा लावून वरची ब्लाइंड ओढायची, हे पहिले काही दिवस हौसेने होतं. नंतर काठी कोपऱ्यात आणि ब्लाइंड्स वर्षभर एकाच जागी. तुझ्या सासूबाईंचा खांदा दुखतो, त्या काठी उचलणार नाहीत, आणि दिवसभर घरात त्याच असणार. चार्ज होणाऱ्या बॅटरीवरची मोटर मिळते, तिला वायरिंगही लागत नाही.

सासूबाई तुळस आणणार नाहीत, आणता येत नाही हे त्यांना समजावून सांग, पण लेस्टरात रोप मिळेलच आणि ते त्या काचखोलीतच ठेवतील. जागा उत्तम आहे. फक्त रात्री ब्लाइंड ओढताना कुंडी खिडकीच्या कट्ट्यावर राहिली तर ती ब्लाइंडच्या गार बाजूला अडकते, आणि कापडाने ऊब अडवल्यामुळे तिथे उघड्या खिडकीपेक्षाही जास्त गारठा असतो. सकाळी काचेला टेकलेली पानं काळी पडलेली दिसतील. कुंडी संध्याकाळी ब्लाइंडच्या अलीकडे, स्टुलावर घ्यायची. कढीपत्त्याचंही तेच.

ब्लाइंड मिटली की काच अधिक गार होते, म्हणजे तिला घामही अधिक येतो. २० अंशांच्या हवेत ६० टक्के दमटपणा असेल तर १२ अंशांच्या पृष्ठभागावर पाणी जमायला लागतं, आणि हिवाळ्यात रात्री काचेची चौकट त्याहून सहज गार असते. त्यात तू तिथे पिल्लूचे कपडे वाळत घालतेस. धुतलेल्या कपड्यांचं सगळं पाणी हवेत, हवेतून काचेवर, काचेवरून ब्लाइंडच्या खालच्या पट्टीत, आणि मार्चपर्यंत तिथे काळे ठिपके. कपडे वाळवायचेच तर झडप बोटभर उघडी ठेव आणि सकाळी ब्लाइंड्स उघडल्यावर काच पुसून घे. आणि दिवाळीत घरात वास नको म्हणून चकल्या तिथे तळायचा बेत करू नकोस. घड्यांच्या कापडात तेल एकदा बसलं की निघत नाही. आपल्याकडच्या बऱ्याच जणींच्या कॉन्झर्व्हेटरीत पाऊल टाकलं की मागच्या वर्षीच्या दिवाळीचा वास येतो! सप्टेंबरअखेरीस छताच्या ब्लाइंड्स उघडशील तेव्हा घड्यांत मेलेल्या माश्या आणि गांधीलमाश्या ओळीने सापडतील. दचकू नकोस, व्हॅक्यूमला मऊ ब्रश लाव आणि हलक्या हाताने ओढून घे. ओल्या फडक्याने पुसलंस तर डाग पसरेल.

पिल्लूसाठी एक गोष्ट मात्र तडजोडीची नाही. लोंबणाऱ्या दोरीची किंवा साखळीची ब्लाइंड घरात नकोच. लहान मुलांच्या गळ्याला त्यांचे फास बसून या देशात मुलं गेलेली आहेत, म्हणूनच नियम कडक झाले. दोरी असलीच तर ती ताणून भिंतीला पक्की करायची आणि अडकवायचा खुंटा जमिनीपासून निदान दीड मीटर वर. पण तुझ्या घरी दोरी नसलेल्याच घे, आणि सोफा खिडकीपासून लांब सरकव.

ऑर्डर देताना माप तुम्ही घेऊ नका, त्यांच्याच माणसाला घेऊ दे. माप चुकलं तर चूक त्यांची राहते. मापाप्रमाणे शिवलेल्या वस्तूला इथे चौदा दिवसांत परत करण्याचा हक्क लागू होत नाही, त्यामुळे "आज सही केलीत तरच ही सूट" असं कुणी म्हणालं तर त्याला चहा पाज आणि घरी पाठव. तीन ठिकाणची कोटेशनं घे आणि प्रत्येकात छत आणि बाजू यांची किंमत वेगवेगळी लिहून माग. एकत्रित आकड्यात छतावरची कसर लपवता येते.

कोटेशनं आली की मला पाठव. त्याबरोबर एखाद्या स्वच्छ दिवशी सकाळी दहा, दुपारी एक आणि संध्याकाळी पाच वाजता खोलीतले फोटो काढून पाठव. ऊन कुठल्या फरशीवर कुठवर येतं ते दिसलं की बाजूच्या कुठल्या दोन काचा आत्ता सोडून देता येतील ते सांगते, तेवढीच बचत. जावईबापूंना सांग, सायकली शेडमध्ये हलवायला लागा.

तुझी,
आत्या

ता.क. झडपेला तेल घालायला विसरू नकोस. शिलाई मशीनचं चालेल.